निर्यातीचा गुलाब : छाटणीची तारीख आणि थंडावा

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात पॉलिहाऊसमध्ये पिकणारा डच गुलाब दरवर्षी जानेवारीअखेरीस विमानाने परदेशी जातो. १४ फेब्रुवारी रोजी प्रियजनांस गुलाब देण्याची प्रथा युरोपात व अन्यत्र रूढ आहे. या एका दिवसाच्या मागणीवर तेथील बागाईतदारांचे वर्षाचे गणित पुष्कळसे अवलंबून असते.

जागतिक बाजारात त्यांची गाठ आफ्रिकेशी आहे. केनियातील नैवाशा सरोवराचा प्रदेश विषुववृत्तानजीक असून समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंच आहे. दिवस बारमाही सारखा, रात्री थंड. यामुळे तेथे वर्षभर चांगला माल निघतो. मावळात अशी हवा हिवाळ्यातच मिळते. म्हणून तीच संधी नेमकी साधावी लागते.

हिवाळ्यात छाटणीपासून फूल तोडणीस येण्यास साधारणपणे ४५ ते ५० दिवस लागतात. १५ डिसेंबरला छाटलेले झाड ४८ दिवसांनी, म्हणजे १ फेब्रुवारीस फूल देते. तेथून प्रतवारी, विमानप्रवास, घाऊक व्यापारी व दुकानदार यांत दिवस जातात. तेव्हा युरोपसाठीचा माल फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच निघावयास हवा. मात्र रात्री फार थंड गेल्यास कळी लांबते. सर्व बाग एकाच दिवशी न छाटता चार-पाच दिवसांच्या अंतराने टप्पे पाडणे यासाठीच इष्ट होय.

धान्य भाव येईपर्यंत कणगीत राहते. तोडलेले फूल श्वसन करीत राहून साठवलेली शर्करा खर्च करते. उष्णता वाढली की हा खर्च वाढतो. म्हणून घट्ट कळी सकाळी तोडून दांडे लागलीच स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवावेत आणि विनाविलंब २ ते ४ अंश सेल्सिअसच्या शीतगृहात न्यावेत. तेथून पुढे थंडावा कोठेही तुटता कामा नये. थंड पेटी विमानतळावर उन्हात उघडी राहिली तर पाकळ्यांवर दव धरते व त्यावर करडी बुरशी रुजते. बागेत निष्कलंक दिसलेले फूल परदेशात पेटी उघडताना डागाळलेले निघते ते बहुधा याच कारणाने. नुकसान मात्र पिकविणाऱ्याच्या माथी येते.

नेदरलँड्समधील आल्समेर येथील प्रसिद्ध लिलावात भाव वरून खाली उतरतो. जो खरेदीदार प्रथम कळ दाबतो त्यास माल मिळतो. आपल्याकडील चढत्या बोलीच्या उलट हा प्रकार आहे. तेथे प्रत व टिकाऊपणा यांविषयी शंका आली की हात आखडतो आणि भाव आणखी उतरतो.

पेट्यांबरोबर वनस्पती-स्वास्थ्य प्रमाणपत्र लागते. जिवंत कीड आढळल्यास सर्व माल अडकू शकतो. ग्रामसेवकांनी तोडणीच्या दिवशी नव्हे, तर त्यापूर्वी तीन-चार आठवडे पानांच्या खालच्या बाजूस लाल कोळी व कळ्यांत फुलकिडे आहेत काय, हे बागाईतदाराकडून नियमाने पाहवून घ्यावे.

निर्यातीचा हट्ट सर्वांनीच धरावा असे नाही. विमानभाडे, पेट्या आणि संरक्षित वाणांचे स्वामित्वशुल्क वजा जाता पुणे-मुंबईचा भाव कित्येकदा बरा ठरतो. पहिल्या आठवड्यानंतर उमलणारी फुले याच बाजारांत १२ तारखेपर्यंत खपतात. त्याहून उशिराच्या मालासाठी लग्नसराईचे सजावटकार डिसेंबरातच गाठून ठेवावेत.