कागद आल्याशिवाय कौल हलवू नका

सार्वजनिक न्यासाची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर चॅरिटी कमिशनरची आगाऊ मंजुरी लागते. ती नसेल तर भाडेपट्टा वैध ठरत नाही. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याचे हे ३६ वे कलम. महाराष्ट्रात आणि गुजरातेत ही तीन वर्षांची मर्यादा सारखीच आहे, आणि शेतजमिनीला ती दहा वर्षांची आहे. ज्या मंडळींनी प्रस्तुत लेखकाला दक्षिण गुजरातेतले एक बंद पडलेले चर्च स्टुडिओसाठी पाच वर्षांच्या कराराने दिले, त्यांना हे कलम पहिल्या दिवसापासून तोंडपाठ होते. मंजुरीचा कागद मागितला की उत्तर ठरलेले असे : ‘थई जशे, भाई. होऊन जाईल, तुम्ही कामाला लागा.’

प्रस्तुत लेखकासारख्या सुरतेजवळच्या भेस्तानच्या माणसाला चर्च कशाला हवे, हे बाहेरच्यांना सांगावे लागते. मुंबईहून रेल्वेने येताना सचिननंतर भेस्तान आणि मग उधना. हा सगळा पट्टा यंत्रमागांचा आणि डाइंगच्या गिरण्यांचा. उधन्याहून जळगावला रेल्वे जाते आणि त्याच वाटेने धुळे, नंदुरबार, जळगावची हजारो कुटुंबे इथे येऊन स्थिरावली. त्यांची लग्नगीते, कानबाईची गाणी, अहिराणी गीते इथल्या दहा बाय बाराच्या खोल्यांत रेकॉर्ड होतात. भिंतींना फोम, दाराला गोधडी, बाहेर लूमची खटखट. आवाज कोरडा येतो आणि मग संगणकातून त्याला घुमारा चढवतात. ज्याने एकदा उंच छताखाली खरा घुमारा ऐकला, त्याला त्या चढवलेल्या घुमाऱ्यावर समाधान मानणे जड जाते.

जगात हे वेड नवे नाही. न्यूयॉर्कमध्ये तिसाव्या रस्त्यावरचे एक जुने चर्च कोलंबिया कंपनीने १९४० च्या दशकाच्या शेवटी स्टुडिओसाठी घेतले. माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही जॅझ ध्वनिमुद्रिका १९५९ मध्ये तिथेच मुद्रित झाली. पियानोवादक ग्लेन गूल्ड याने बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ १९५५ मध्ये आणि पुन्हा १९८१ मध्ये त्याच दालनात वाजवली. तिथल्या भिंतींना रंग द्यायचा नाही, पडदे हलवायचे नाहीत, लाकडी जमिनीला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद कंपनीच्या मिच मिलर याने दिली होती, असे सांगतात. आवाज जमून आला आहे, तर त्यात ढवळाढवळ नको. पुढे कंपनीने जागा सोडली, चर्च पाडले गेले आणि तिथे राहत्या घरांची इमारत उभी राहिली. ज्या दालनाचा रंगही बदलू दिला नव्हता, ते दालनच गेले.

लंडनचे एअर स्टुडिओ मात्र टिकले. बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा कॅरिबियन बेटावरचा स्टुडिओ १९८९ च्या ह्यूगो वादळात उद्ध्वस्त झाला. पुढे १९९२ मध्ये हॅम्पस्टेडच्या लिंडहर्स्ट हॉलमध्ये त्यांचा नवा स्टुडिओ सुरू झाला. हे षटकोनी चर्च आल्फ्रेड वॉटरहाउस या वास्तुकाराचे, १८८० च्या दशकातले. तिथे छताखाली एक भलीमोठी छत्री टांगली आहे. ती वरखाली केली की घुमारा कमीजास्त होतो. एवढा पैसा, एवढे नाव, आणि तरी शेजाऱ्याने तळघर खणायचे ठरवले तेव्हा त्या स्टुडिओला संगीतकारांच्या सह्या गोळा करून लढावे लागले. खोदकामाची थरथर जमिनीतून येते आणि भिंत कितीही जाड असली तरी ती अडत नाही.

प्रस्तुत लेखकाला मिळालेली इमारत साधी होती. मिशनकाळातली, चुन्याच्या गिलाव्याची, मंगलोरी कौलांची. प्रार्थना कधीच्या थांबलेल्या, आत पारव्यांची वस्ती. टाळी वाजवली की आवाज तीन सेकंद रेंगाळे. बासरीला आणि संथ आलापाला ते सोने होते. तबल्याचे गणित मात्र वेगळे. मिनिटाला १६० मात्रांची लय धरली तर तीन सेकंदांत आठ मात्रा होतात. म्हणजे समेचा ‘धा’ विरायच्या आत अर्धा तीनताल उलटून गेलेला. ध्वनिशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन याने मांडलेले सूत्र इथे कामाला येते : दालनाच्या घनमीटरांना ०.१६१ ने गुणा आणि एकूण शोषणाने भागा. घुमारा निम्म्यावर आणायचा तर आवाज शोषणारा पृष्ठभाग दुप्पट हवा. सुरतेत त्याला तोटा नाही. गिरण्यांतून जाड कापडाचे तुकडे वजनावर मिळतात. लाकडी चौकटीत ते थरावर थर भरून, चाके लावून हलते पडदे केले. चुन्याच्या भिंतीवर एक थेंबही गोंद लावला नाही. चुना श्वास घेतो. त्यावर फोम चिकटवला किंवा सिमेंट फासले की ओल आतच कोंडते आणि पावसाळ्यानंतर गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. हे सगळे नीट जाणून केलेले काम होते.

कौले बदलली, सडलेले वासे बदलले, थ्री-फेज वीज आणली. जुन्या इमारतीला अर्थिंग जवळजवळ नसतेच आणि मग प्रत्येक मुद्रणात ५० हर्ट्झची गुणगुण उतरते. म्हणून तांब्याची पट्टी घालून नवे अर्थिंग केले. खर्च भाडेकरूचा. विश्वस्त येत, छताकडे बघत, चहा घेत, कौतुक करत. नाताळला त्यांनी स्वतःच्या पाहुण्यांना आणून दालन दाखवले.

मग छप्पर गळायचे थांबले आणि नोटीस आली.

ती वकिलाच्या टेबलावर वाचली, तो क्षण अजून सलतो. भाडे थकले असे त्यात नव्हते, ते थकलेलेच नव्हते. आवाजाची तक्रारही नव्हती. त्यात लिहिले होते की न्यासाने कलम ३६ ची मंजुरी घेतलेली नसल्यामुळे हा करार मुळातच अवैध आहे, सबब जागा खाली करावी. मंजुरी घ्यायची कोणी? न्यासाने. घेतली नाही कोणी? न्यासाने. आणि तेच न घेणे भाडेकरूला बाहेर काढायचे कारण म्हणून पुढे केले! ज्यांनी तोंडाने ‘थई जशे’ म्हटले, त्यांनीच त्या नोटिशीवर सही केली. मंजुरीची आठवण करून देणारी पत्रे पोचपावतीसह फाइलमध्ये आहेत, म्हणून वकिलासमोर मान खाली घालावी लागली नाही. पण पत्रांनी छपराचा खर्च परत येत नाही. अनामत रक्कमही अजून आलेली नाही.

या वाटेने जाणाऱ्यांनी म्हणून काही गोष्टी धरून ठेवाव्यात. मंजुरीचा आदेश, त्याचा क्रमांक आणि तारीख डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक कौलही हलवू नये. अर्ज केला आहे, या शब्दाला किंमत नाही. आदेश नसेल तर तीन वर्षांच्या आतलाच करार करावा आणि खर्चही तेवढ्यातच वसूल होईल इतका ठेवावा. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावाच लागतो. नुसत्या नोटरीच्या शिक्क्यावर विसंबू नये. जवळपास पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे का, तेही पाहावे. सुरतेतल्या इंग्रज आणि डच थडग्यांसारखी स्मारके आपल्याला नुसती कबरस्ताने वाटतात, पण २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण. दुरुस्तीलाही परवानगी लागते.

जागा दिवसा बघून ठरवू नये. रात्री दोन वाजता मायक्रोफोन लावून अर्धा तास रिकामे दालन मुद्रित करावे आणि हेडफोन लावून ऐकावे. मालगाडी, बोअरचा पंप, पारवे, कुत्री, सगळे कळते. रंगीत काचांच्या जुन्या खिडक्या देखण्या असतात, पण पातळ काच आवाज थोपवत नाही. विमा घ्यावा. चांगला वकील गाठावा. माणसे पारखून घ्यावीत, असेही सगळे सांगतात, मात्र चहा पिऊन कौतुक करणारी माणसे पारखायची कशी, ते कोणी सांगत नाही.

खरे तर चर्चमध्ये स्टुडिओ थाटण्याचीच गरज किती, हा प्रश्न आधी विचारायला हवा. पंडित विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांची ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ ही ध्वनिमुद्रिका १९९२ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या सेंट अँथनीज सेमिनरीच्या चॅपेलमध्ये मुद्रित झाली. ती सेमिनरी काही वर्षांपूर्वीच बंद झालेली होती. कवी अलेक्झांडर या श्रीलंकेत जन्मलेल्या ध्वनिमुद्रकाने मोजके मायक्रोफोन आणि टेपयंत्र तिथे नेले. साथीला सुखविंदर सिंग नामधारी यांचा तबला. भट्ट आणि कूडर मुद्रणाच्या काही वेळ आधीच पहिल्यांदा भेटलेले. त्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी मिळाले. टोरोंटोच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये काउबॉय जंकीज या गटाने १९८७ च्या नोव्हेंबरात एकाच मायक्रोफोनभोवती बसून जवळजवळ अख्खी ध्वनिमुद्रिका केली. कोणी कौले बदलली नाहीत, कोणी वायरिंग केले नाही.

प्रस्तुत लेखक आता तसेच करतो. भेस्तानची खोली कायम आहे, संकलन तिथे होते. बासरी किंवा संथ गाणे असले की एखादे रिकामे सभागृह रात्रीपुरते घेतो, पैसे आगाऊ देतो, पावती घेतो, सामान टेम्पोत घालून नेतो आणि उजाडायच्या आत परत आणतो. ज्यांना तरीही कायमची जागा हवी, त्यांनी करारासोबत एक यादी जोडावी : कोणती वस्तू भाडेकरूची, कोणती इमारतीची, प्रत्येकीचा फोटो, आणि खाली दोन्हीकडच्या सह्या. ती यादी होती म्हणूनच चाकांवरचे पडदे परत आणता आले. तांब्याची पट्टी यादीत असूनही ती अजून तिथेच जमिनीत आहे आणि तिच्या पैशांसाठी पाठवलेल्या पत्राला उत्तर आलेले नाही.