‘बॉयकॉट’ आणि ‘बहिष्कार’

इंग्रजी शब्द पाठ करताना विद्यार्थी ‘बॉयकॉट’पुढे ‘बहिष्कार’ लिहितात आणि पुढच्या शब्दाकडे वळतात. शब्दकोशाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र येथे थोडे थांबावे, असे आम्हांस वाटते.

बॉयकॉट हे मुळात एका माणसाचे आडनाव. चार्ल्स बॉयकॉट हा निवृत्त इंग्रज कॅप्टन आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली कुळांनी खंडात सूट मागितली. मागितली तेवढी मिळाली नाहीच. उलट काही कुळांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा निघाल्या. तेव्हा गावाने कॅप्टनशी व्यवहारच थांबविला. मजूर शेतावर जाईनात, दुकानदार माल देईनात, घरचे नोकरही निघून गेले. पीक काढण्यास उत्तरेकडून पन्नास माणसे आणावी लागली, आणि त्यांच्या रक्षणास शेकडो शिपाई! सुमारे पाचशे पौंडांच्या पिकापायी दहा हजार पौंड खर्ची पडल्याचा तेव्हाचा अंदाज होता. डिसेंबर उजाडताच कॅप्टनने आयर्लंड सोडले. त्याचे आडनाव मात्र क्रियापद होऊन जगभर गेले.

तेथे कसणाऱ्यांनी कारभाऱ्याला वाळीत टाकले. आपल्याकडील ‘बहिष्कार’ याहून फार जुना, आणि त्याची दिशा नेमकी उलटी. जमीन, दुकान, पाणवठा ज्यांच्या हाती, तेच तो घालीत. आणि घालीत तो यांतले काहीच हाती नसलेल्यांवर. कॅप्टनला परतण्यास इंग्लंड होते. मजुरी, वाण्याचे दुकान आणि रस्ता एकाच दिवशी बंद झालेल्या आपल्या आज्या-पणज्यांनी कोठे जावे?

पुढे स्वदेशीच्या चळवळीत विदेशी मालावरील ‘बॉयकॉट’लाही ‘बहिष्कार’च म्हटले गेले, आणि त्या शब्दाला देशभक्तीचे तेज चढले. त्याची दुसरी बाजू बाबासाहेबांनी झाकू दिली नाही. १९२४ ची ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ आणि १९२७ चे ‘बहिष्कृत भारत’ ही नावेच पाहावीत. पहिल्या गोलमेज परिषदेच्या वेळी, १९३० साली, त्यांनी व रावबहादूर श्रीनिवासन यांनी सादर केलेल्या मागण्यांत सामाजिक बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा ठरवावा, अशी मागणी होती. तिच्यातील कलमे ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून थोड्या फेरफाराने घेतलेली होती. घर वा जमीन न देणे, कामास न ठेवणे, देवघेव तोडणे, हे सारे त्यांच्या व्याख्येत येते.

महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तो २०१६ चा.