एकाच गावात काळी आणि पांढरी वाळू कशी?

प्रश्न : रत्नागिरीत किल्ल्याच्या एका अंगाला ‘पांढरा समुद्र’ आणि दुसऱ्या अंगाला मांडवीचा ‘काळा समुद्र’. पाणी तेच, मग वाळूचे रंग वेगळे का?

उत्तर : कण साधारण ०.०६ ते २ मिलिमीटर जाडीचा असला की तो वाळूचा, मग तो कशाचाही असो. त्यामुळे आधी विचारायचं ते हे, की कण आले कुठून?

रत्नागिरीमागचा सह्याद्री बेसाल्टचा, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचा. या खडकात क्वार्ट्झ हे फिकट खनिज जवळपास नसतंच. त्यातली बरीचशी खनिजं कोकणच्या पावसात कुजतात, त्यांची माती आणि जांभा होतो. चिवटपणे टिकतात ती लोहाची काळी खनिजं : मॅग्नेटाइट आणि लोह-टायटॅनियमचं इल्मेनाइट. काजळी नदी तो माल भाट्याच्या खाडीतून थेट मांडवीशेजारी आणून टाकते. किल्ल्याचा डोंगर मध्ये आडवा असल्यामुळे पलीकडे त्यातला थोडाच पोचतो. तिथल्या फिकट वाळूत शिंपल्यांचा चुरा भरपूर असतो.

पण नदीने आणलेला सगळाच माल काही काळा नसतो. तो निवडण्याचं काम लाटांचं, आणि मला या सगळ्यात तेच सर्वांत विलक्षण वाटतं. इल्मेनाइट पाण्याच्या सुमारे ४.७ पट जड, तर शिंपल्याचा चुरा जेमतेम २.७ पट. लाट जोरात चढते तेव्हा सगळंच वर आणते, परतताना मात्र तिच्यात तेवढा जोर उरत नाही. ती हलके कण ओढून नेते, जड तिथेच राहतात. सुपात धान्य पाखडावं तसं हे अखंड चालू असतं. म्हणून वादळी लाटांनंतर फिकट पुळणीवरही काळे पट्टे उमटलेले दिसतात.

खाली तारकर्लीला गोष्ट आणखी वेगळी. सिंधुदुर्गात बेसाल्टचा थर संपत जातो आणि त्याच्याहून कितीतरी जुने ग्रॅनाइटी खडक व क्वार्ट्झाइट उघडे पडतात. म्हणून तिथल्या वाळूत क्वार्ट्झ आहे. लक्षद्वीपच्या शुभ्र वाळूचा तर डोंगराशी संबंधच नाही. ती प्रवाळांची आणि शिंपल्यांची.

तुम्हाला स्वतःला पडताळून पाहता येईल. मांडवीची कोरडी वाळू कागदावर पसरून खालून लोहचुंबक फिरवा, मॅग्नेटाइटचे कण त्याच्यामागे धावतील. पांढऱ्या वाळूवर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर तो शिंपल्यांचा चुना. क्वार्ट्झ ढिम्म राहील.