घरांतील जुना संगणक आणि इंटरनेट

गेल्या वर्षीं एके दिवशीं शाळा सुटल्यावर इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास आले. घरीं एक जुना संगणक आहे. तो चालू होतो, परंतु त्यावर इंटरनेटवरील एकहि पान धड उघडत नाहीं. तेव्हां तो भंगारवाल्यास द्यावा कीं मुलाच्या अभ्यासाकरितां ठेवावा, असा त्यांचा प्रश्न होता. नवा संगणक घेण्याची त्या घरची ऐपत नव्हती, आणि मुलाला शाळेचें बरेंचसें काम, आई कामावरून परत आल्यानंतर, तिच्या फोनवर करावें लागत असे. आपल्या शाळेंतील पुष्कळ घरांत हाच प्रश्न असेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

जुना संगणक इंटरनेटास निरुपयोगी कां ठरतो, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. लोक म्हणतात, यंत्र म्हातारें झालें. हें फार तर अर्धें खरें आहे. पंधरा वर्षांपूर्वीं एखादी बेरीज तें ज्या वेगानें करीत होतें, तीच बेरीज तें आजहि जवळजवळ त्याच वेगानें करतें. मात्र बाहेरचें जग पार बदललें आहे. टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत वेबची कल्पना मांडली, ती शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद वाचतां यावेत म्हणून. आज एकेका पानाबरोबर चित्रें, चलच्चित्रें, जाहिराती आणि लहानमोठे प्रोग्रॅम असा सारा लवाजमा येतो, आणि त्या प्रत्येकास यंत्राच्या मेमरींत जागा लागते.

दुसरें कारण म्हणजे कर्त्यांनीं मूळ प्रणालीची देखभाल सोडलेली असते. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजीं, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजीं आणि विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. देखभाल थांबली म्हणजे यंत्र बंद पडतें असें नाहीं. परंतु त्यांत नव्यानें सांपडणारीं छिद्रें बुजविणारा कोणी राहत नाहीं. मग ब्राउझरचे कर्तेहि त्या प्रणालीस सोडून देतात. क्रोमनें २०२३ च्या आरंभीं विंडोज ७ सोडली. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणें म्हणजे कडी नसलेल्या पेटींत दागिने ठेवण्यासारखें आहे.

तिसरें कारण थोडें गूढ आहे, पण मुलांनीं तें अवश्य समजून घ्यावें. आपण एखादें पान उघडतों तेव्हां पलीकडील यंत्र आपली ओळख पटविण्याकरितां एक दाखला पुढें करतें. त्या दाखल्यावर ज्या संस्थेची सही असते, तिची ओळख आपल्या यंत्रांत आधींच नोंदलेली असावी लागते. शिवाय प्रत्येक दाखल्यास 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' अशी मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजीं पुष्कळ स्थळांच्या आधाराचा असा एक मूळ दाखला मुदत संपून रद्द झाला, आणि ज्या जुन्या यंत्रांत व फोनांत नव्या दाखल्याची नोंद नव्हती, त्यांवर कित्येक स्थळें एकाएकीं उघडेनाशीं झालीं. यंत्रें होतीं तशींच होतीं. त्यांच्याजवळची ओळखीची यादी तेवढी शिळी झाली होती.

या मुदतीवरून मला त्या गृहस्थांच्या संगणकाची गोष्ट सांगितली पाहिजे. मी त्यांच्या घरीं गेलों आणि यंत्र चालू केलें, तों कोपऱ्यांतील तारीख २००९ सालची! प्रत्येक पान 'ही जोडणी सुरक्षित नाहीं' म्हणून अडत होतें, कारण त्या यंत्राच्या हिशेबीं पुढील यंत्रांच्या दाखल्यांची मुदत अद्याप सुरूच झालेली नव्हती. वीज बंद असतांनाहि संगणकाचें घड्याळ चालावें म्हणून त्याच्या मुख्य पाटीवर नाण्याएवढा एक बटन सेल बसविलेला असतो. तो संपला होता. हा सेल बहुधा 'सीआर २०३२' या नांवाचा, तीन व्होल्टचा असतो. त्या आंकड्यांत त्याचें मापच आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. घड्याळवाल्याकडे तो सहज मिळतो. विजेची पिन भिंतींतून काढून, पेटी उघडून, जुना सेल कोणती बाजू वर ठेवून बसविला आहे हें पाहून नवा तसाच बसवावा. जुना सेल लहान मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. तो गिळला गेल्यास आंतून अन्ननलिका जाळतो व जिवावर बेततें.

सेल बदलल्यावर घड्याळ नीट झालें, पण प्रणाली जुनीच होती. अशा यंत्रावर मी लिनक्स मिंट नांवाची फुकट मिळणारी प्रणाली बसवितों. तिच्या निरनिराळ्या रूपांपैकीं एक्सएफसीई हें हलकें आहे. तिला ६४ बिटांचा प्रोसेसर, निदान २ जीबी रॅम आणि २० जीबी मोकळी डिस्क लागते. ४ जीबी रॅम असल्यास उत्तम. आपलें यंत्र किती बिटांचें आहे, तें विंडोजच्या 'सिस्टीम' या पानावर लिहिलेलें असतें.

येथें थोडें थांबावें. नवी प्रणाली बसवितांना डिस्कवरील सर्व कांहीं पुसलें जातें, हें वाक्य दोनदां वाचावें. माझ्या वडिलांनीं निवृत्तीनंतर आपल्या गांवच्या आठवणी हळूहळू, एका बोटानें, संगणकावर उतरविल्या होत्या. त्यांच्या मागें मी तें यंत्र सुधारावयास घेतलें, आणि सर्व पुसण्याच्या पर्यायावर बोट ठेवतांना मला त्या पानांची आठवणहि झाली नाहीं. आठवण झाली ती तिसऱ्या दिवशीं, बहिणीनें विचारलें तेव्हां. तिला काय उत्तर द्यावें हें मला आजतागायत सुचलेलें नाहीं. तेव्हां पालकहो, घरांतील प्रत्येकास विचारा, छायाचित्रें, पत्रें, हिशेब, सर्व एका पेन ड्राइव्हवर उतरवा, आणि तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या यंत्रास लावून, त्यांतील दोनचार फाइली उघडून पाहिल्याखेरीज पुढें जाऊं नका.

मग दुसरा एक रिकामा, ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्यावा. ज्या संगणकावर इंटरनेट नीट चालतें त्यावर मिंटची फाइल त्यांच्या अधिकृत स्थळावरूनच उतरवून घ्यावी, आणि रूफस किंवा बलेना एचर या प्रोग्रॅमनें ती पेन ड्राइव्हवर चढवावी. नुसती नक्कल करून भागत नाहीं. पुष्कळजण येथेंच फसतात. तो पेन ड्राइव्ह जुन्या यंत्रास लावून यंत्र चालू करतांना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप यांपैकीं एक कळ दाबावी लागते. कोणती, हें यंत्राच्या कर्त्यावर अवलंबून असतें. मग यंत्र पेन ड्राइव्हवरूनच चालू होतें. या वेळेपर्यंत डिस्कला धक्काहि लागलेला नसतो, म्हणून ही सवड वायां घालवूं नये. वाय-फाय लागतें का, आवाज येतो का, एखादें पान उघडतें का, हें सर्व पाहावें. वाय-फाय न लागल्यास तारेनें जोडून पाहावें. मन भरलें तरच पडद्यावरील बसविण्याच्या चिन्हावर टिचकी द्यावी. पुढील प्रश्न सोपे आहेत. काल-विभाग विचारला असतां कोलकाता निवडावें, कारण भारताची वेळ त्याच नांवानें नोंदलेली आहे.

या प्रणालीबरोबर फायरफॉक्स हा ब्राउझर आणि थंडरबर्ड हा पत्रव्यवहाराचा प्रोग्रॅम तयारच येतात. फायरफॉक्समध्यें यूब्लॉक ओरिजिन ही पुरवणी जोडावी. ती जाहिरातींचा बोजा अडविते, आणि २ जीबीच्या यंत्रावर त्याचा फरक तत्काळ दिसतो. एका वेळीं तीनचारांहून अधिक पानें उघडीं ठेवूं नयेत. मुलांना वीस पानें उघडीं ठेवण्याची संवय असते. तीं मेमरींत कशी जागा व्यापतात हें त्यांना एकदां दाखवून द्यावें, रागें भरण्याचें कारण पडत नाहीं.

थंडरबर्डमध्यें पत्ता घालतांना आयमॅप आणि पॉप असे दोन मार्ग दिसतात. पॉप हा पोस्टांत जाऊन आपलीं पत्रें घरीं घेऊन येण्याचा मार्ग आहे. पोस्टांत मग बहुधा कांहीं उरत नाहीं. आयमॅपमध्यें पत्रें पोस्टांतच राहतात आणि आपण तीं कोठूनहि वाचतों. घरीं फोन आणि संगणक दोन्हीं असल्यास आयमॅपच घ्यावा. अगदीं जुने पत्रप्रोग्रॅम बसविण्याच्या भरीस पडूं नये. केवळ परवलीचा शब्द पाठवून आंत शिरण्याची त्यांची रीत गूगलनें २०२२ सालीं बहुतेक सर्व खासगी खात्यांकरितां बंद केली.

मराठीकरितां निराळें कांहीं विकत घ्यावें लागत नाहीं. कीबोर्डच्या मांडणींत मराठी इनस्क्रिप्ट जोडावी. तींत स्वर डाव्या हाताखालीं आणि व्यंजनें उजव्या हाताखालीं येतात, त्यामुळें आठदहा दिवस रोज अर्धा तास दिल्यास बोटें आपोआप पडूं लागतात. त्या नववींतील मुलानें तर पहिला निबंध मला त्याच लिपींत पत्रानें पाठविला. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होत्या, पण त्या यंत्राच्या माथीं मारतां येण्याजोग्या नव्हत्या.

अपेक्षाहि माफक ठेवावी. असें यंत्र वाचन, लेखन, पत्रव्यवहार व साधीं चलच्चित्रें एवढें नीट करील. भारी खेळ खेळणार नाहीं. पुढेंमागें थोडे पैसे जमल्यास आधीं फिरत्या डिस्कच्या जागीं एसएसडी घालावी. सबंध यंत्र बदलण्यापूर्वीं हा उपाय करून पाहावा. पडद्याच्या कोपऱ्यांत ढालीचें चिन्ह असतें. त्यावर आठवड्यांतून एकदां टिचकी देऊन सुधारणा उतरवून घ्याव्या, आणि हें काम घरांतील एका मुलाकडे नांवानिशीं सोंपवावें. मिंटच्या २२ या आवृत्तीची देखभाल २०२९ पर्यंत चालावयाची आहे. त्यानंतर पुढील आवृत्ति घ्यावी, आणि त्याहि वेळीं कागदपत्रें आधीं उतरवून ठेवावीं.