शाळा निवडताना

(ज्या मुलाला ऐकू येत नाही, त्याच्यासाठी शाळा कशी निवडावी आणि त्या शाळेत आपण काय करावे, हे या पाठात सांगितले आहे.)

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर जिते नावाचे छोटे स्थानक आहे. जिते हे पेण तालुक्यातील गाव. समजा, या गावातील एका घरात चार वर्षांची मुलगी आहे. गाडीची शिटी वाजली, तरी ती वळून पाहत नाही. आईने मागून हाक मारली, तर ओ देत नाही. आई समोर आली, की मात्र हसते, खेळते, हट्टही करते. शेजारी म्हणतात, "मुलगी मुकी आहे."

हे खरे आहे का? मूल आधी ऐकते आणि मग बोलते. तुमच्या घरची भाषा तुम्ही पुस्तकातून शिकला नाहीत. ती कानांवर पडत गेली आणि ओठांवर आली. ज्याच्या कानांवर शब्दच पडत नाहीत, ते मूल बोलणार कसे? त्याचा घसा आणि जीभ बहुधा चांगली असते. म्हणूनच आता 'मूकबधिर' न म्हणता 'कर्णबधिर' म्हणतात.

अशा मुलासाठी शाळा शोधण्याआधी त्याचे कान तपासले पाहिजेत. तज्ज्ञ सांगतात, की बाळ 1 महिन्याचे होईपर्यंत चाचणी, 3 महिन्यांपर्यंत निदान आणि 6 महिन्यांपर्यंत उपचार सुरू व्हावेत. कारण भाषा शिकण्याची शक्ती पहिल्या काही वर्षांत सर्वांत जास्त असते. "बोलेल हळूहळू" असे म्हणत थांबले, तर हा मोलाचा काळ निघून जातो. तरीही उशीर झाला म्हणून निराश होऊ नये. जेव्हा कळले, तेव्हाच कामाला लागावे.

मुंबईत वांद्रे येथे 1983 साली यासाठी एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिला महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव दिले आहे. तेथे श्रवणदोषाची तपासणी होते आणि कर्णबधिर मुलांना शिकवणारे शिक्षकही तयार होतात.

आता शाळा. पालकांसमोर दोन वाटा असतात. एक गावातली नेहमीची शाळा आणि दुसरी कर्णबधिरांची विशेष शाळा. अशी भारतातील पहिली शाळा 1885 च्या सुमारास मुंबईतच सुरू झाली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शेजारची शाळा की विशेष शाळा, ही निवडही त्याचीच. त्यासाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते.

कोणती वाट चांगली? गावच्या शाळेत मूल घरी राहते, भावंडांबरोबर वाढते. पण शिक्षकांना त्याची गरज समजली नाही, तर ते वर्गात नुसते बसून राहते. विशेष शाळेत खुणांची भाषा समजणारे मित्र मिळतात. पण ती दूर असेल, तर लहान वयात घर सोडावे लागते. म्हणून पालकांनी शाळेची इमारत पाहू नये. वर्गात जाऊन बसावे. शिक्षक मुलांकडे तोंड करून बोलतात का? महत्त्वाचे शब्द फळ्यावर लिहितात का? विशेष शिक्षक येतात का? श्रवणयंत्र बंद पडले, तर कोणी लक्ष देते का? आणि मुले त्या मुलाला खेळात घेतात का? या प्रश्नांची उत्तरे मिळाली, की निर्णय सोपा होतो.

श्रवणयंत्र लावले, की सारे स्पष्ट ऐकू येते, असे मुळीच नाही. ते आवाज मोठा करते. पण पंख्याचा आणि बाकांचा आवाजही मोठा करते. मग मूल बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहते. तेही सोपे नाही. आरशासमोर उभे राहून आवाज न काढता म्हणा : पाळ, बाळ, माळ. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात! कानाची पाळ, घरातले बाळ की गळ्यातली माळ, हे पाहणाऱ्याने कसे ओळखावे? पुढचे-मागचे शब्द ठाऊक असले, तरच अर्थ लागतो. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलले, तर तेवढाही आधार जातो.

मुलांनो, चांगली शाळा केवळ सरकार किंवा शिक्षक घडवत नाहीत. तुमच्या वर्गात असे मूल आले, तर त्याला पुढच्या बाकावर जागा द्या. त्याच्यासमोर उभे राहून बोला. ओरडू नका. समजले नाही, तर लिहून दाखवा. त्याच्या दोन-चार खुणा शिका. एवढे केलेत, तर त्याच्या आईवडिलांना शाळेसाठी गाव सोडावे लागणार नाही.

शब्दार्थ
ओ देणे – हाकेला उत्तर देणे
निदान – रोग किंवा दोष ओळखणे
श्रवणयंत्र – ऐकण्यास मदत करणारे यंत्र
कानाची पाळ – कानाचा खालचा मऊ भाग

स्वाध्याय
1. कर्णबधिर मुलाला 'मुके' म्हणणे चूक का आहे?
2. पालकांनी वर्गात जाऊन काय काय पाहावे?
3. 'पाळ, बाळ, माळ' या शब्दांवरून कोणती अडचण कळते?
4. ओठांच्या सारख्याच हालचालीने बोलले जाणारे दोन उर्दू शब्द शोधा आणि वर्गात सांगा.