चरित्र कसे वाचावे?



बाबासाहेबांचे चरित्र आपल्या घरी असेल. पण ते वाचावे कसे? चरित्रकार धनंजय कीर यांचे उदाहरण घेऊ.

कीर यांचा जन्म २३ एप्रिल १९१३ रोजी रत्नागिरीस झाला. मूळ नाव अनंत विठ्ठल कीर. मुंबई महानगरपालिकेत नोकरी सांभाळून ते लिहीत. १९६२ साली त्यांनी नोकरी सोडली व सारा वेळ लेखनास दिला. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १२ मे १९८४ रोजी ते निवर्तले.

त्यांनी निवडलेली माणसे वादग्रस्त होती. गांधीहत्येच्या खटल्यातून सावरकर १९४९ साली सुटले. कीरांचे सावरकर-चरित्र १९५० चे. पुढे इंग्रजीत बाबासाहेब (१९५४), टिळक (१९५९), जोतीराव फुले (१९६४), गांधी (१९७३) आणि शाहू महाराज (१९७६) यांची चरित्रे आली.

आपल्यापैकी कोणी विचारील, "सावरकरांचे चरित्र लिहिणाऱ्याचे पुस्तक आपण का वाचावे?" प्रश्न योग्य आहे. तथागतांनी कालामांना सांगितले की, कोणी मोठ्या माणसाने सांगितले एवढ्यावरून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. तसेच लेखकाच्या नावावरून पुस्तक डोक्यावर घेऊ नये आणि फेकूनही देऊ नये. पारख अशी करावी :

१) साल पाहा. बाबासाहेबांचे चरित्र प्रथम १९५४ साली निघाले. धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. म्हणून ती पहिल्या आवृत्तीत नाही, पुढील आवृत्तीत आहे.

२) ताडून पाहा. १९३२ च्या पुणे कराराविषयी कीरांनी आंबेडकर-चरित्रात काय लिहिले, गांधी-चरित्रात काय लिहिले, ते शेजारी ठेवून वाचा. मग बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस व गांधी यांच्यावर लिहिलेला ग्रंथ वाचा.

३) घटना आणि मत वेगळे करा. अमुक दिवशी सभा झाली, ही घटना. ती सभा थोर होती, हे लेखकाचे मत.

यात बाबासाहेबांचा अनादर मुळीच नाही. १९४३ साली पुण्यात रानड्यांवर बोलताना त्यांनी स्वतःच विभूतिपूजेला विरोध केला होता. देव सोडून आलेल्या घराने माणसाचा देव करू नये.

आठवड्यातून एकदा मुलामुलींकडून चरित्राचे एक प्रकरण मोठ्याने वाचून घ्या. वाचून झाले की एवढेच विचारा, "हे लेखकाला कशावरून कळले?" ज्या मुलाला हा प्रश्न विचारता येतो, त्याला कोणी सहजासहजी फसवू शकत नाही.