संगणकाच्या पाठातील दुव्यांची निगा

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला, त्या दिवशी शाळांच्या भिंतींवरील नकाशांत राज्याचे ३५च जिल्हे होते. दक्ष शिक्षकाने अशा नकाशावर चिठ्ठी चिकटवून ३६ वा जिल्हा दाखवावा, हे आपण सारेच जाणतो. संगणकाच्या पाठासाठी दिलेल्या दुव्यांनाही अशीच निगा लागते. फरक एवढाच की, नकाशाचे जुनेपण डोळ्यांना दिसते; दुव्याचे जुनेपण तो उघडून पाहिल्यावाचून कळत नाही.

दुवा हा दुसऱ्याच्या घराचा पत्ता असतो. घर हलले तरी आपल्या टाचणातील पत्ता तसाच राहतो. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१३ मध्ये इंटरनेटवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उपलब्ध नसल्याचे आढळले. म्हणून उच्च प्राथमिक वर्गांना स्क्रॅच किंवा पायथन शिकविणाऱ्या शिक्षकाने दुवा कसा बिघडतो, हे आधी समजून घेतले पाहिजे.

दुवा बिघडण्याचे प्रकार

(१) पान नाहीसे होते. अशा वेळी पडद्यावर बहुधा ४०४ हा आकडा दिसतो. त्याचा अर्थ असा की, इंटरनेट चालू आहे, संकेतस्थळ उत्तरही देत आहे. परंतु मागितलेले पान तेथे नाही. गगनबावडा, राधानगरी, चंदगड अशा डोंगरी तालुक्यांत पाठ अडला की ‘रेंज नाही’ असे म्हणण्याचा मोह होतो. ४०४ दिसल्यास दोष रेंजचा नसून पत्त्याचा आहे, हे ओळखावे.

(२) पान उघडते, पण जुने असते. हा प्रकार अधिक घातक होय. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘प्रिंट’ या आज्ञेनंतरचा मजकूर कंसाशिवाय लिहिला तरी चाले. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत कंस आवश्यक झाला. दुसऱ्या आवृत्तीची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली. तिची माहिती देणारी पाने मात्र अजून उघडतात. त्यांवरून विद्यार्थी अक्षर न अक्षर उतरवून घेतो, संगणक चूक दाखवितो, आणि आपल्याला हे जमणार नाही असा ग्रह तो करून घेतो. चूक त्याची नसते. ज्या घरात संगणक नाही, तेथील मुलाला ती पडताळून पाहण्याचे दुसरे साधनही नसते. स्क्रॅचचेही असेच आहे. त्याची दुसरी आवृत्ती फ्लॅशवर चालत असे. तिसरी २ जानेवारी २०१९ रोजी आली आणि फ्लॅशचा आधार २०२० अखेर संपला. जुन्या पानावरील चित्रे आजच्या पडद्याशी जुळत नाहीत.

(३) पत्ता दुसऱ्याच्या हाती जातो. संकेतस्थळाचे नाव मुदतीत नूतन केले नाही, तर ते कोणीही घेऊ शकतो. तेथे मग जाहिराती किंवा मुलांना न शोभणारा मजकूरही येऊ शकतो.

पत्ता कसा द्यावा

पायथनच्या अधिकृत मार्गदर्शिकेच्या पत्त्यात केवळ ‘३’ हा आकडा असल्यास तिसऱ्या मालिकेतील चालू आवृत्तीची पाने उघडतात; ‘३.८’ असा आकडा असल्यास त्याच आवृत्तीची पाने उघडतात. नेहमीच्या पाठासाठी पहिला पत्ता द्यावा. शाळेतील संगणकावर जुनी आवृत्ती असेल, तर तिच्याशी जुळणारा पत्ता द्यावा.

छापील कागदाबाबत पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडचा धडा घेण्यासारखा आहे. ‘दीक्षा’ हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले. त्याच्या कोडखाली सहा अक्षरांचा व अंकांचा संकेत असतो. पुस्तकातील संकेत तोच राहतो. त्याला जोडलेले साहित्य मात्र मागाहून बदलता येते. म्हणजे पुस्तक पुन्हा छापावे लागत नाही. केंद्रातील शाळांनीही सर्व दुव्यांची एकच सामाईक यादी ठेवावी व मुलांच्या कागदावर केवळ त्या यादीचा पत्ता छापावा. दुरुस्ती एका ठिकाणी केली की ती सर्व शाळांना पोहोचते.

शिक्षकांसाठी सूचना

१. दुव्यांची नोंदवही ठेवावी. तीत पाठ, पत्ता, आवृत्ती, तपासल्याची तारीख व तपासणाऱ्याची सही असे रकाने असावेत.
२. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी व दिवाळीच्या सुटीनंतर प्रत्येक दुवा उघडून पाहावा. पान उघडले एवढ्यावर न थांबता त्यातील एक उदाहरण शाळेच्या संगणकावर चालवून पाहावे.
३. पाठाच्या आदल्या दिवशी त्या पाठापुरते दुवे पुन्हा पाहावेत.
४. आवश्यक भागाचे टिपण स्वतःच्या शब्दांत कागदावर तयार ठेवावे, म्हणजे इंटरनेट नसतानाही पाठ अडणार नाही.
५. हरवलेले पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये शोधावे. ही सोय २००१ पासून सर्वांना खुली आहे. मिळालेली प्रत कोणत्या तारखेची आहे, हे मात्र मुलांना सांगावे.
६. बिघडलेला दुवा ज्या विद्यार्थ्याने दाखवून दिला, त्याचे नाव नोंदवहीत लिहावे. दोष शोधणे हाही या विषयाचा अभ्यासच आहे.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत करावयाचे काम

प्रत्येक शाळेने आपल्या एका पाठातील सर्व दुवे तपासून आणावेत. किती चालतात, किती जुने आहेत व किती नाहीसे झाले, याचा तक्ता फळ्यावर मांडून त्यावर चर्चा करावी आणि सामाईक यादीची जबाबदारी एका शिक्षकाकडे वर्षभरासाठी सोपवावी.